दंड आधी की विचारपूस आधी?

दवाखान्यात सवलत मिळावी म्हणून आपल्यापैकी कुणी कधी उत्पन्न कमी दाखवले आहे का? प्रश्न टोचणारा आहे, पण आपण तो स्वतःला विचारायला हवा. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांत उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात. खाटा मोजक्याच. लातूरच्या एखाद्या खात्यापित्या घराने खोटा दाखला काढून त्यातली एक अडवली, तर कुणी ऊसतोड मजूर दाराबाहेर राहतो. फसवणूक सरकारची नव्हे, त्या मजुराची होते.

पण दुसरी बाजूही आहे. इंग्लंडमध्ये मोफत औषधाचा किंवा दंतोपचाराचा दावा चुकीचा वाटला, तर शुल्काच्या पाचपट, जास्तीत जास्त १०० पौंड, दंडाची नोटीस घरी येत असे. २०१४ ते २०१९ दरम्यान अशा सुमारे ५६ लाख नोटिसा निघाल्या. त्यांपैकी १७ लाख मागे घ्याव्या लागल्या, कारण त्या माणसांचा हक्क खरा होता, असे २०१९ मध्ये तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानेच सांगितले. म्हणजे आधी दंड, मग विचारपूस! आजारी, म्हाताऱ्या माणसाने ती नोटीस हातात घेऊन किती रात्री जागून काढल्या असतील?

जक्कयाने लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, ते नोटिशीच्या धाकाने नव्हे; प्रभू त्याच्या घरी उतरला म्हणून. आपणही जाणूनबुजून घेतलेले परत करू या. चूक नसेल तर निर्भयपणे दाद मागू या; त्यात लाज नाही. आणि ज्या शेजाऱ्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याचा अर्ज आपण लिहून देऊ या.