पाळलेल्या श्वानाचे देणे

अहिंसाव्रत पत्करलेल्या गृहस्थाच्या हातून त्या व्रतात कोणकोणत्या कसुरी घडू शकतात, याची नोंद उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात, सातव्या अध्यायात, केलेली आहे. आश्रित जीवाला बांधून ठेवणे, त्याला मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर बेसुमार ओझे लादणे आणि त्याचे अन्नपाणी तोडणे, अशा त्या पाच कसुरी होत. उपासमार, जिला आपण मुक्या प्राण्यावरील अन्यायाची परमावधी समजतो, ती या नोंदीत शेवटी येते आणि बंधन पहिल्याने येते. केवळ क्रमावरून तारतम्य ठरवू नये हे मला मान्य आहे. परंतु पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धी या आपल्या टीकेत बंधनाचे लक्षण सांगताना दोरखंडाचा वा साखळदंडाचा विचार न करता, जीवाला जिकडे जावेसे वाटते तिकडे जाण्यास जे अडवते ते बंधन, असा व्यापक निर्णय दिला आहे, आणि त्या निर्णयाप्रमाणे गळ्यात काहीही नसलेले, पंख्याखाली गादीवर निजलेले, दोन वेळा पोटभर खाणारे घरातले कुत्रेही बद्धच ठरते. पुढच्या आचार्यांनी तर श्रावकाने शक्यतो न बांधता राहतील अशीच जनावरे बाळगावीत, आणि बांधणे भागच पडले तर आग लागल्यास सुटून जाता येईल अशा सैल गाठीने बांधावे, इतक्या बारकाईने या प्रश्नाची तजवीज करून ठेवली.

हा प्रश्न आज शहरातल्या घराघरांत उभा आहे. पुण्यामुंबईच्या सदनिकांत अलीकडे कुत्रे पाळण्याची हौस फार वाढली. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंडगार पाण्यात उड्या घेऊन जाळी नि मासे ओढणाऱ्या कुत्र्यांचा वंशज जो लॅब्रेडॉर, सैबेरियाच्या बर्फात घसरगाड्या ओढण्यासाठी घडवलेला हस्की, किंवा मेंढरांच्या मागेपुढे दिवसभर धावण्यासाठीच ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या तो जर्मन शेफर्ड, असे प्राणी दोन-तीन खोल्यांच्या जागेत येऊन राहतात. सकाळी मलमूत्रविसर्जनापुरते खाली नेले जातात, एखाद्या खांबाशी नाक लावून उभे राहिले तर पट्ट्याला हिसका बसतो, आणि दहा मिनिटांत परत वर येऊन संध्याकाळपर्यंत दाराकडे पाहत बसतात. घरातली माणसे दुष्ट नसतात. बहुतेकांचे त्या प्राण्यावर खरे प्रेम असते. ‘काय कमी आहे त्याला?’ असे ती विचारतात, आणि त्या प्रश्नात ढोंग नसते. म्हणूनच त्याचे उत्तर गंभीरपणे द्यायला हवे.

आपल्या धर्मपरंपरेत कुत्र्याविषयीचे कर्तव्य प्रायः अन्नाच्या रूपाने सांगितलेले आहे हे खरे. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात कुत्र्यासाठी घास काढून ठेवण्याचा शिरस्ता आहे. भाकरी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवरायांची कथा मराठी मुलाला अक्षरओळख होण्यापूर्वीच ठाऊक होते. परंतु या सगळ्या विधींतला आणि कथांतला कुत्रा मोकळा आहे, ही गोष्ट आपण विसरतो. तो गावाचा होता, आळीचा होता, किंवा धनगराच्या वाड्याबरोबर घाटावरून कोकणात आणि कोकणातून पुन्हा घाटावर पायी जाणारा होता. त्याला चालणे, हुंगणे, राखणे, भांडणे, सोबती शोधणे यांतले काहीच कोणी द्यावे लागत नव्हते, कारण ते कोणी काढूनच घेतलेले नव्हते. उणीव होती ती अन्नाची, आणि तेवढीच भरून काढायला धर्माने सांगितले. महाप्रस्थानाच्या वेळी हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत युधिष्ठिरामागून गेलेले कुत्रे आपल्या पायांनी गेले; धर्मराजाने ते बांधून नेले नव्हते, आणि त्या कुत्र्याची निष्ठा थोर ठरते ती त्याला परत फिरण्याची मुभा होती म्हणूनच. ज्या दिवशी आपण त्याला दाराच्या आत घेऊन दार लावले, त्या दिवशी अन्नाच्या ऋणावर आणखी एक ऋण आपल्या खाती चढले. त्याच्या गतीचे आणि त्याच्या इंद्रियांच्या व्यापाराचे जे आपण घेतले, ते आपल्या हातांनी परत दिले पाहिजे. याला दया म्हणणे मला रास्त वाटत नाही. दया स्वेच्छेची असते. ज्याची मालमत्ता आपण ताब्यात घेतली त्याला तिचे उत्पन्न पोहोचते करणे याला व्यवहारात कोणी दया म्हणत नाही.

येथे शास्त्राच्या बाजूने एक आक्षेप घेता येण्याजोगा आहे, आणि तो मी हलका मानीत नाही. तिर्यग्योनी ही भोगयोनी आहे, कर्मयोनी नव्हे. पशू आपले प्रारब्ध भोगून संपवण्यासाठी आलेला असतो, त्याला स्वधर्म नाही, पुरुषार्थ नाही, म्हणून त्याच्या जीवनाच्या सार्थकतेचा विचार करणे व्यर्थ आहे, असे कोणी म्हणेल. सिद्धांत म्हणून हे क्षणभर मान्य केले तरी त्यातून निष्कर्ष उलटाच निघतो. भोग व्हायचा तो इंद्रियांच्या द्वारे व्हायचा. ज्या देहात ज्या इंद्रियाचे प्राबल्य आहे त्या इंद्रियाला विषयच न मिळू देणे म्हणजे त्या जीवाचा भोगही अडवून धरणे होय. शिवाय पशूकडे कर्तृत्व नसेल तर पशू आणि माणूस यांच्या संबंधातले सर्व कर्तृत्व, आणि म्हणून सर्व उत्तरदायित्व, एकट्या माणसाकडे येते. कुत्रा आपली कैफियत मांडू शकत नाही, दरखास्त देऊ शकत नाही. ती त्याच्या वतीने ऐकण्याचा अधिकार आणि भार त्याच माणसावर पडतो ज्याच्याविरुद्ध ती आहे. इतकी विषम स्थिती ज्या संबंधात आहे तेथे धर्मबुद्धी अधिक जागी असावी लागते.

दुसरी बाजू अद्वैताची. विद्याविनयसंपन्न ब्राह्मणापासून श्वानापर्यंत सर्वत्र एकच तत्त्व पाहणाऱ्या पंडिताचा गौरव गीतेच्या पाचव्या अध्यायात आहे, आणि समदर्शन म्हणजे समवर्तन नव्हे असे त्यावर परंपरेने बजावलेही आहे. हे बजावणे बहुधा माणसाच्या श्रेष्ठत्वाच्या बचावासाठी वापरले जाते. मला ते कुत्र्याच्या बाजूने वापरावेसे वाटते. त्याच्याशी माणसासारखे वागू नये हेच खरे. त्याला वाढदिवसाचा केक, लग्नसमारंभाला शोभेल असा अंगरखा आणि वातानुकूलित खोली देणे हे समवर्तनच आहे, आणि ते त्याला नको आहे.

त्याला काय हवे आहे हे कळण्यासाठी त्याच्या नाकाचा विचार करावा लागतो. माणसाच्या नासिकेत गंध ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे जातात. त्याच्या नाकपुडीच्या रचनेत अशी सोय आहे की उच्छ्वास बाजूच्या फटींतून निघून जातो आणि समोरचा गंध त्या वाऱ्याने उधळला न जाता आत ओढला जात राहतो. रंगांच्या बाबतीत तो आपल्याहून दरिद्री आहे, निळा नि पिवळा यांच्या पलीकडचा भेद त्याला फारसा जाणवत नाही. परंतु एखाद्या झाडाच्या बुंध्याशी उभा राहून तो जे जाणतो, म्हणजे येथून कोण गेला, केव्हा गेला, नर की मादी, निरोगी की आजारी, ते जाणण्याचे द्वारच आपल्यापाशी नाही. म्हणजे ज्याला आपण फिरणे म्हणतो ते त्याच्या दृष्टीने केवळ पायांचे काम नसून ज्ञानाचे कार्य आहे. एक मैल तरातरा ओढून नेण्यापेक्षा अर्धाच मैल त्याच्या इच्छेप्रमाणे रेंगाळत, थांबत, मागे फिरून पुन्हा हुंगू देत नेणे पुष्कळदा अधिक समाधान देते, हे ज्याने आपल्या कुत्र्याकडे लक्षपूर्वक पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. मनुष्याला ग्रंथ, संगीत, संभाषण यांपासून वर्षानुवर्षे तोडून नुसते उत्तम जेवण घालीत राहिले तर त्याला आपण कैदच म्हणू. आणि चार भिंतींतल्या कुत्र्याची स्थिती याहून फारशी निराळी नसते.

याविरुद्ध असे सांगितले जाते की आमचा कुत्रा फार शांत आहे, तो काही मागतच नाही. ही शांतता मला नेहमी अस्वस्थ करते. 1967 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर जे प्रयोग केले ते वाचताना मन विषण्ण होते, आणि तसे प्रयोग करावेत असे कोणी म्हणणार नाही; पण त्या मुक्या जीवांनी सोसून जे दाखवून दिले त्याकडे डोळेझाक करणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल. ज्या कुत्र्यांना विजेचे धक्के आपल्या कोणत्याही धडपडीने टळत नाहीत असा अनुभव आला होता, त्यांतले पुष्कळसे कुत्रे पुढे ठेंगणासा अडसर ओलांडला की सुटका होते अशा जागीही अडसर न ओलांडता पडून राहिले. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, 2016 साली, त्याच दोघांनी आपल्या उपपत्तीला महत्त्वाची दुरुस्ती केली: दीर्घ दुःखापुढे निपचित पडणे ही शिकलेली गोष्ट नसून मूळचीच प्रतिक्रिया आहे, शिकावे लागते ते आपल्या कृतीने काही घडते हे. घरातल्या कुत्र्याला कोणी विजेचे धक्के देत नाही; परंतु आपल्या करण्याने काहीच बदलत नाही, दार आपल्यासाठी उघडत नाही, वाट आपल्या मनाप्रमाणे वळत नाही, हा अनुभव त्याला वर्षानुवर्षे येत असेल तर त्याच्या शांततेला सद्‌गुण म्हणण्यापूर्वी थांबले पाहिजे. काही कुत्रे गप्प होत नाहीत. ते पंजे चाटून चाटून रक्तबंबाळ करतात, शेपटीभोवती गरगर फिरतात, चपला नि पडदे फाडतात, आणि त्याबद्दल मार खातात.

मग प्रेमाचे काय, असे कोणी विचारील. भागवताच्या पाचव्या स्कंधातील भरत राजाची कथा येथे मला वारंवार आठवते. राज्य सोडून गंडकीतीरी तप करणाऱ्या भरताने नदीत वाहून चाललेले हरिणाचे पाडस वाचवले, त्याच्या मोहात जपतप विसरला, त्याचेच चिंतन करीत देह ठेवला आणि हरिणाच्या जन्माला गेला. ही कथा आसक्तीच्या निंदेसाठी सांगतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्या मोहग्रस्त भरतानेही पाडसाला पर्णकुटीत कोंडले नाही. कुश नि फुले आणायला रानात जाताना तो लांडग्यांच्या भयाने त्याला बरोबर नेई, कधी खांद्यावर घेई, आणि ते दृष्टीआड झाले की व्याकूळ होई. त्याची आसक्ती त्याला बाधली, हरिणाला बाधली नाही. आपली आसक्ती बहुधा याच्या उलट चालते. दमून घरी आल्यावर कोणीतरी शेपटी हलवीत पायांशी यावे हे आपल्याला हवे असते, आणि त्या स्वागताचा मोबदला म्हणून पावसापाण्यात, पहाटेच्या अंधारात, स्वतःची झोप मोडून खाली उतरणे मात्र आपल्याला जड जाते. मोह आणि करुणा यांतला भेद ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आपल्या कायद्याने हे कर्तव्य केव्हाच मान्य केले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1952 साली राज्यसभेत आलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, ज्यांचे सारे आयुष्य नृत्याला म्हणजे देहाच्या मुक्त गतीला वाहिलेले होते, प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध विधेयक आणले, आणि त्यातून पुढे सरकारचा 1960 चा अधिनियम निघाला. त्याच्या अकराव्या कलमात, नेहमी साखळीने बांधलेल्या वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम देण्यात किंवा देववण्यात मालकाने हयगय करणे हे मारहाणीच्या आणि उपासमारीच्या पंक्तीत बसवून गुन्हा ठरवले आहे. पहिल्या गुन्ह्यास दंड दहा ते पन्नास रुपये! इतक्या क्षुल्लक रकमेने अंमल काय होणार हे उघड आहे. पण चालणे हा कुत्र्याचा हक्क आहे असे राष्ट्राच्या कायद्याने लिहून ठेवले, हे मला लहान वाटत नाही. पुढे 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने नागराज प्रकरणातील आपल्या फैसल्यात, भूक, तहान, वेदना, भय यांपासूनच्या मुक्ततेबरोबरच आपल्या स्वभावास अनुसरून वागण्याचे स्वातंत्र्यही प्राण्याला आहे असे स्पष्ट केले.

व्यवहारात हे ऋण फेडणे अवघड नाही, मात्र ते रोजचे आहे. जातीप्रमाणे आणि वयाप्रमाणे अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत चालणे-धावणे लागते. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याला, जो सशामागे माळरान तुडवण्यासाठीच जन्मला, मोकळ्या जागेत धावू दिल्यावाचून गत्यंतर नाही, तर चपट्या नाकाच्या पगला उन्हात धावडवणे म्हणजे त्याच्या जिवावर उठणे होय. विदर्भातल्या वैशाखात डांबरी रस्त्यावर दुपारी त्याला नेऊ नये. आपला तळहात जेथे ठेववत नाही तेथे त्याचे पंजे भाजतात. कोकणात आषाढधारा लागल्या की घरातच भाकरीचे तुकडे चादरीच्या घड्यांत, खोक्यांत, दारामागे लपवून त्याला नाकाने शोधू द्यावेत, एखादी नवी आज्ञा शिकवावी, थाळीत एकदम ओतून देण्याऐवजी जेवण त्याला मिळवू द्यावे. म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय थकले तरी नाक पुष्कळ काळ शाबूत असते, तेव्हा त्याला चार पावलांच्या वाटेवरही वेळ द्यावा.

राहता राहिला नोकराचा प्रश्न. पुष्कळ घरी कुत्रा फिरवायला पगारी मुलगा ठेवतात, आणि कायद्यातला ‘देववणे’ हा शब्द त्यांच्या बाजूचा आहे. आपल्या धर्मातही यजमान ऋत्विजाकडून यज्ञ करवतो, त्यामुळे प्रतिनिधी नेमण्याला माझी हरकत नाही; परंतु यजमानाला यज्ञमंडपात स्वतः बसावे लागते आणि संकल्पही स्वतःच्या तोंडाने सोडावा लागतो. तेव्हा मुलगा एका हातात पाच पट्टे नि दुसऱ्या हातात फोन धरून कुत्र्यांना ओढीत नेतो, की प्रत्येकाला त्याच्या झाडापाशी उभे राहू देतो, हे मालकाने निदान आठवड्यातून एखाद्या दिवशी बरोबर जाऊन पाहावे. आणि त्या दिवशी पट्टा स्वतःच्या हाती घेऊन वाट कोणती धरायची ते कुत्र्याला ठरवू द्यावे.