उसना श्वास

मतमाउलीची जत्रा आटोपली की आमच्या वसईच्या हवेत एक बदल होतो. पावसाची झड ओसरते, बांधावरचे गवत फुलोऱ्यावर येते, विहिरीच्या कठड्यावरचे शेवाळ सुकू लागते आणि कपाट उघडताच चार महिन्यांच्या बुरशीचा वास अंगावर येतो. पुढे दिवाळीच्या सुमारास भाताची झोडणी सुरू झाली, म्हणजे कुसांची बारीक धूळ उडते. कवींना हा ऋतू प्रिय असेल. मला तो गेली अनेक वर्षे नाकाने कळत आला आहे. पहाटे एकामागून एक पंधरा-वीस शिंका, डोळ्यांची आग, आणि टाळूला आतून सुटणारी ती खाज, जिच्यापर्यंत कोणतेच बोट पोहोचत नाही.

दैवदुर्विलास असा, की जानेवारीत मुंबईत होणाऱ्या मॅरेथॉनसाठी तयारी करणाऱ्याला नेमके हेच महिने रस्त्यावर काढावे लागतात. ४२ किलोमीटर आणि १९५ मीटर धावायचे, तर रविवारची लांब दौड ऑगस्टपासून वाढवत न्यावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती ३० किलोमीटरच्या आसपास जाते. पंचेचाळिशी उलटल्यावर मला हे वेड लागले. पहिल्या मिस्सेची घंटा होण्यापूर्वी निघावे आणि ऊन चढण्याआधी परतावे, असा क्रम ठरला.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने पळताना हेच प्रमाण शंभर लिटरच्या घरात जाऊ शकते. एवढी हवा एकट्या नाकाला पुरवता येत नाही, म्हणून तोंड उघडते. नाकातले केस, तिथला ओलावा, तिथली ऊब हे सारे देवडीवरचे पहारेकरी मागे राहतात आणि परागकण व बुरशीचे बीजाणू थेट श्वासनलिकेत शिरतात. परागकण बिचारा कोणाचे वाईट चिंतीत नाही. तो दुसऱ्या फुलाच्या शोधात निघालेला असतो. देहच त्याला शत्रू समजून शस्त्र उपसतो. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी शरीराच्या अशा बदललेल्या वागणुकीला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. त्यापूर्वीच मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्याच कातडीवर ओरखडे काढून त्यांवर परागकण चोळून पाहिले होते. ते स्वतःच या विकाराचे रोगी होते. रोग्यानेच रोगाचा पाठलाग करावा, हे मला फार आवडते.

पण माझा प्रश्न वैद्यकीय नव्हताच. डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा आणि छातीसाठी इन्हेलर लिहून दिला होता. दोन्ही मी आणले आणि टेबलाच्या खणात ठेवून दिले. औषध घेऊन पळालेले अंतर हे माझे कसे म्हणायचे? तो श्वास तर उसना! माझे आजोबा भाजीची कावड खांद्यावर घेऊन अंधारात स्टेशन गाठीत. त्यांनी कधी नाकात काही मारले नाही, असे मी अभिमानाने सांगत असे. आजोबांना रात्ररात्र येणारी खोकल्याची उबळ मला आठवत नव्हती असे नाही. ती मी हिशेबात धरीत नव्हतो, इतकेच.

माझी मुलगी सतरा वर्षांची झाली तेव्हा माझ्याबरोबर पळू लागली. माझ्याकडून तिला जमीन फारशी मिळणार नाही, नाक मात्र पुरेपूर मिळाले आहे. एका नोव्हेंबरातल्या रविवारी निर्मळहून अर्नाळ्याच्या बाजूला जाताना ती एका मोरीवर बसली. खांदे वर ओढले जात होते, गळ्याची खळगी आत खेचली जात होती, आणि एक वाक्य पूर्ण करायला तिला तीन श्वास लागत होते.

“इन्हेलर कुठे आहे?”

“घरी.”

“घरी का?”

“पप्पा, तुम्ही पण… नाही ना घेत.”

रिक्षा मिळाली, दवाखाना जवळ होता, वाफेतून औषध दिले गेले आणि तासाभरात तिच्या चेहऱ्यावर रंग परतला. मी त्या बाकावर बसून जे भोगले त्याला मात्र कोणतीही वाफ नव्हती. मी तिला औषध घेऊ नकोस असे कधीही म्हटले नव्हते. माझ्या बंद खणाने ते सांगितले होते.

सहनशीलता हा सद्गुण आहे, यात वाद नाही. पण जे जे सोसले ते ते पुण्य, असा हिशेब आपण सहज मांडतो. तिसाव्या किलोमीटरला मांड्या दगडासारख्या होतात, ती वेदना धावण्याचीच आहे. श्रमातून ती येते आणि श्रमाने हळूहळू मागे हटते. आकसलेल्या श्वासनलिकेचे तसे नाही. ती कितीही सोसली तरी छाती बळकट होत नाही. उलट सूज वाढते आणि पुढचा झटका जवळ येतो. जे सोसल्याने कोणाचेच भले होत नाही ते सोसणे म्हणजे धैर्य की नुसता हट्ट, हे मी स्वतःला विचारू लागलो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. श्वासनलिका उघडणे चालते, तर मग रक्त दाट करणे का चालू नये? दुबळे रक्तही जन्मानेच मिळते ना? या सीमेवर एका मुलाचा बळी गेला आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांच्या रिक डिमाँट या अमेरिकन जलतरणपटूने ४०० मीटर फ्रीस्टाइल शर्यत एका शतांश सेकंदाने जिंकली. त्याला दमा होता. औषधात एफेड्रिन निघाले आणि सुवर्णपदक काढून घेतले गेले. औषधाची नोंद त्याने अर्जात केली होती, वरच्या मोठ्यांनी ती पुढे पोहोचवली नाही. ज्या १५०० मीटरमध्ये विश्वविक्रम त्याच्या नावावर होता, त्या शर्यतीतही त्याला उतरू दिले नाही. पुढल्या वर्षी बेलग्रेडला त्याने तेच ४०० मीटर चार मिनिटांच्या आत पार केले. असे करणारा तो पहिलाच पुरुष. त्याने नोंद केली होती हे अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीने २००१ मध्ये मान्य केले. पदक मात्र आजवर परत आलेले नाही.

आजचे नियम अधिक समंजस आहेत. ॲलर्जीच्या साध्या गोळ्यांना आणि नाकातल्या फवाऱ्याला बंदी नाही. इन्हेलरमधले साल्ब्युटामॉल दिवसाला १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. ज्याची श्वासनलिका मुळातच मोकळी आहे त्याला या मात्रेने म्हणण्यासारखा लाभ होत नाही. रक्त दाट करण्याचा लाभ मात्र निरोग्यालाही होतो. मला हा भेद पटतो. तरीही सर्दीच्या औषधातले स्युडोएफेड्रिन २००४ मध्ये बंदीच्या यादीतून निघाले आणि २०१० मध्ये परत आले, हे पाहिले की ही रेघ माणसांनी आखलेली आहे आणि माणसे ती पुसतातही, याची जाणीव राहते.

दुसरी बाजू हायले गेब्रसेलासी यांच्यामुळे कळली. इथिओपियाच्या या थोर धावपटूला दम्याचा त्रास. २००८ मध्ये बीजिंगची दूषित हवा पाहून त्यांनी ऑलिंपिक मॅरेथॉन धावण्यास नकार दिला. तिथे ते केवळ १० हजार मीटर धावले, सहावे आले. पुढच्याच महिन्यात बर्लिनला त्यांनी २ तास ३ मिनिटे ५९ सेकंदांचा विश्वविक्रम केला. बर्लिन झाले नसते तर त्यांच्या नकाराला आपण काय म्हटले असते? मी तरी भित्रेपणा म्हटले असते, आणि तेव्हाही तो निर्णय तितकाच योग्य असता.

आता फवारा मी ऑगस्टअखेरच सुरू करतो, कारण त्याचा पुरता गुण यायला काही दिवस जातात. जुन्या गोळ्यांनी वर्गात शिकवताना डुलकी लागे, त्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. झोडणीच्या दिवसांत शेतांकडचा रस्ता सोडून आम्ही किनाऱ्याकडे वळतो, आणि घरी येताच आधी अंघोळ, मग चहा. इन्हेलर दाराशी, बुटांच्या शेजारी ठेवलेले असतात. निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे मुलगी विचारते, “पप्पा, घेतला का?” आणि मी तिच्यासमोरच घेतो.

गेल्या नोव्हेंबरात ३० किलोमीटरची दौड ठरली होती. अठराव्याला छातीत बारीक शिट्टी वाजू लागली. बरोबरचे म्हणाले, “सर, थोडं सोसा, निघून जाईल.” मुलगी पुढे होती, ती थांबली, माझ्याकडे पाहत राहिली. मी घड्याळ बंद केले आणि तिला पुढे जायला सांगितले. ती गेली नाही. दोघे बसथांब्यावर बसून राहिलो, आणि एसटी यायला चाळीस मिनिटे लागली.