चार बाइटांचं अक्षर



कृषी केंद्राच्या उधारीचा तुझा पीएचपी प्रोग्राम चालवून पाहिला. आपल्या इंद्रवेल्लीत बियाण्याचं खातं कापूस विकल्यावरच मिटतं, तेव्हा पेरणीला केलेली नोंद तोवर जशीच्या तशी राहिली पाहिजे. मराठी नावं नीट गेली, तेलुगूही गेली. मग मी गुंजाला गोंडी लिपीत एक नाव टाकलं आणि मायएसक्यूएल डेटाबेसने ते घेतलंच नाही.

ही लिपी आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यातली. नारनूर मंडलातल्या गुंजाला गावात तिची हस्तलिखितं सापडली आणि २०१८ मध्ये युनिकोडच्या ११व्या आवृत्तीत तिला जागा मिळाली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आणि तेलुगूचं नेहमीच्या वापरातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावतं, गुंजालाला चार लागतात. मायएसक्यूएलचं जुनं ‘यूटीएफ८’ तीनपर्यंतच जातं. म्हणून तुझी चूक इतके दिवस लपून राहिली. टेबलं ‘यूटीएफ८एमबी४’ कर आणि पीएचपीला डेटाबेसशी जोडणाऱ्या पीडीओच्या जोडणीतही तेच लिही. एका ठिकाणी बदलून भागत नाही.

दुसरी गोष्ट त्याच्याच पोटातली. नावाची लांबी तू ‘स्ट्रलेन’ने मोजतोस. ते बाइट मोजतं. ‘कापूस’चे ते पंधरा सांगेल, ‘एमबी_स्ट्रलेन’ पाच सांगेल, आणि माणसाला दिसतात ती तीन अक्षरं हवी असतील तर ‘ग्राफीम_स्ट्रलेन’ लागतं. तू मर्यादा घातलीस वीसची, म्हणजे सहा चिन्हांतच नाव आटोपलं! इंग्रजी नावावर तपासलंस की काय?

बरं, हीच तपासणी नोंदणीत आहे, दुरुस्तीत आहे आणि शोधातही आहे, तिन्हीकडे थोडी वेगळी. ऑब्जेक्टची गरज पडते ती इथे. नावासाठी एक छोटा क्लास कर. मागची-पुढची रिकामी जागा कापणं, रिकामं नाव नाकारणं, लांबी बघणं, हे सगळं त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये. आतली किंमत ‘रीडओन्ली’ ठेव. मग ज्याच्या हातात हे ऑब्जेक्ट येईल, त्याला पुन्हा तपासायचं कारण उरत नाही. रकमेचंही तसंच कर, आणि रुपये दशांशात न ठेवता पैसे पूर्णांकात ठेव. दशांशात ०.१ आणि ०.२ ची बेरीज पीएचपीला नेमकी ०.३ शी जुळत नाही, आणि गिऱ्हाईक पैशापैशाचा हिशेब विचारतं.

मात्र तुझा ‘खाते एक्स्टेंड्स डेटाबेस’ मला मुळीच पटला नाही. खातं हा काही डेटाबेसचा प्रकार नव्हे. खात्याला डेटाबेस लागतो, इतकंच. पीडीओचं ऑब्जेक्ट बाहेर तयार करून कन्स्ट्रक्टरमधून आत दे. तपासायच्या वेळी मेमरीतला एसक्यूलाइट देता येईल, दुकानाच्या खऱ्या वहीला हात लागणार नाही. नवशिके ‘एक्स्टेंड्स’चा वारसा फार लवकर काढतात. पाच क्लासची उतरंड रचण्यापेक्षा दोन क्लास शेजारी-शेजारी बरे.

क्वेरीत नाव थेट चिकटवू नकोस, प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर. तू कुठल्या तरी जुन्या धड्यातून ‘मायएसक्यूएल_क्वेरी’ उचललेलं दिसतं; ते फंक्शन २०१५ च्या पीएचपी ७ मधूनच काढून टाकलंय. पीएचपी ५ ने २००४ मध्ये ऑब्जेक्ट नव्याने मांडले, त्याआधीची पुस्तकं तर उघडूच नकोस.

क्लासची नावं देवनागरीत ठेवलीस, ती पीएचपी खुशाल चालवून घेतं. मला आवडलीही. पण उद्या आदिलाबादचा एखादा तेलुगू मुलगा हा प्रोग्राम सांभाळणार असेल तर त्याला विचारून ठरव.

‘रीडओन्ली’ पीएचपी ८.१ पासून आहे, तेव्हा दुकानातल्या कॉम्प्युटरवर कोणती आवृत्ती आहे ते आधी बघ. टेबल बदलण्यापूर्वी सगळ्या डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घे आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडते का तेही पाहा. उरलेलं तू इकडे आलास की बसून बघू. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा