रंग शेवटी

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥
॥ श्रीसद्गुरुचरणी साष्टांग दंडवत ॥



या गुरुवारच्या चिंतनाचा विषय आधी वेगळा ठरला होता. तो बाजूला ठेवावा लागला. आपल्या परिवारातल्या एका ताईंचा रात्री उशिरा निरोप आला. नाव-गाव देत नाही, पण त्यांना विचारूनच लिहितो आहोत. त्यांच्या यजमानांनी अनुग्रह घेतला आणि दारू सोडली. चार महिने एक थेंब नाही. पहाटे माळ, संध्याकाळी घरच्यांबरोबर आरती. मग नात्यात एक लग्न निघालं, जुनी मंडळी भेटली आणि त्या रात्री ते पिऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "झालं का गुरूचं नाटक?" त्याखाली हसणारे चेहरे पडले. यजमान ग्रुपमधून निघून गेले. माळ देवघरात ठेवून दिली, ती उचलली नाही. ताई विचारतात, "अनुग्रह फुकट गेला का हो?"

ताई, नाही गेला. का ते सांगण्यासाठी आज एका इंजिनाची गोष्ट सांगतो. आपल्या परिवारात रेल्वेत जन्म घालवलेली मंडळी पुष्कळ आहेत, त्यांना ती लगेच पटेल.

इंग्लंडमध्ये 'फ्लाइंग स्कॉट्समन' नावाचं वाफेचं इंजिन आहे. 1923 साली डॉन्कास्टरच्या कारखान्यात ते बांधलं गेलं. 1934 साली त्याने ताशी 100 मैलांचा वेग गाठला, तशी अधिकृत नोंद झाली. केवढं नाव! पण 1963 साली ते रेल्वेच्या सेवेतून निघालं. पुढे मालक बदलले, अमेरिका झाली, ऑस्ट्रेलिया झाली, आणि 2004 साली यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते 23 लाख पौंडांना घेतलं. 2006 साली दुरुस्ती सुरू झाली. थोड्या वर्षांत आटपेल असं वाटलं होतं. लागली दहा वर्षं आणि सुमारे 42 लाख पौंड.

मध्येच एक गोष्ट झाली, ती नीट ऐका. 2011 साली त्याला काळा रंग देऊन लोकांसमोर उभं केलं. फोटो निघाले, कौतुक झालं. आणि त्यानंतरच्या तपासणीत मुख्य सांगाड्यात तडे सापडले. वर रंग चकचकीत, आत तडा. पुन्हा सगळं उकलावं लागलं.

अखेर जानेवारी 2016 मध्ये बरी गावाजवळच्या जुन्या जपलेल्या मार्गावर ते स्वतःच्या वाफेवर चाललं. माणसं रडली म्हणतात. आता मुख्य मार्गावर गाडी ओढायची, तिकिटं विकली गेलेली, दिवस ठरलेला. आणि चाचणीत ब्रेकमध्ये दोष निघाला. फेरी पुढे ढकलली.

विचार करा, दहा वर्षं थांबलेल्या लोकांना काय वाटलं असेल! पण ते इंजिन कुणी भंगारात काढलं नाही. "एवढे पैसे घातले आणि हे नाटक" असं म्हणून कुणी शेडला कुलूप लावलं नाही. आणि दुसरी गोष्टही केली नाही. "चालतंय ना, जाऊ दे तसंच" म्हणून माणसांनी भरलेली गाडी त्याच्यामागे जोडली नाही. दोष शोधला, दुरुस्त केला. 6 फेब्रुवारीला कार्नफोर्थपासून कार्लाइलपर्यंत ते गाडी घेऊन गेलं. तेव्हा अंगावर नुसता अस्तराचा काळा हात होता. हिरवा रंग नंतर चढला, आणि 25 फेब्रुवारीला लंडनहून यॉर्कला ते दिमाखात गेलं. या वेळी चालणं आधी, रंग शेवटी.

वाफेच्या इंजिनावर ज्यांनी काम केलं त्यांना विचारा. शेडमध्ये उभं असलेलं इंजिन निर्दोषच वाटतं. थंड बॉयलर एकदम पेटवून चालत नाही, विस्तव हळूहळू वाढवावा लागतो. घाई केली तर लोखंड एकीकडे जास्त फुगतं, दुसरीकडे कमी, आणि सांधे गळू लागतात. नवी बेअरिंग बसवली की ती धावता धावताच नीट बसते, आणि तोवर तापण्याचं भय असतं. म्हणून आधी रिकामं चालवायचं, मग थोडे डबे जोडायचे, थांबलं की खाली उतरून बेअरिंगला हात लावून पाहायचं. नवी चप्पल चावते, तसंच हे. चालल्याशिवाय कुठे चावते ते कळत नाही.

साधनेचंही असंच आहे. अनुग्रह झाला म्हणजे विस्तव पेटला. पण वर्षानुवर्षं गंजलेलं यंत्र आपलंच असतं. सद्गुरू कृपा करतात, पण आपले तडे लपवून देत नाहीत. उलट साधना सुरू झाली की ते दिसायला लागतात. कुणाला राग जास्त येतो, कुणाचं मन जपात बसत नाही, कुणाचं जुनं व्यसन उसळी मारतं. "आधी बरा होतो, नाम घ्यायला लागलो आणि बिघडलो" असं काही जण म्हणतात. बिघडला नाहीत, चालायला लागलात. उभ्या इंजिनाचे ब्रेक कधी खराब निघत नाहीत.

त्या यजमानांकडे जोर होता, वाफ होती. चार महिने पहाटे उठणं सोपं नाही. कमी पडलं ते एका ठिकाणी, जुन्या मित्रांसमोर थांबणं. म्हणजे ब्रेक. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर ऐका. दोष एका जागचा आहे आणि ती जागा आता कळली आहे. चार महिन्यांची माळ त्या एका रात्रीने पुसली जात नाही. माळ उचला. हात थरथरत असला तरी उचला.

आणि दुरुस्ती जाणत्या हाताने करून घ्या. इंजिनापुढे नुसती आरती ओवाळून ब्रेक दुरुस्त झाला नसता, कारागीर लागले. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जाण्यात गुरूवरची श्रद्धा कमी होत नाही. पुष्कळ वर्षं पिणाऱ्याने एकदम बंद केली तर शरीराला झटके येऊ शकतात, जिवावरही बेतू शकतं, म्हणून डॉक्टर हवेतच. काही महिने लग्नाच्या रात्रींचे कार्यक्रम टाळा. जावंच लागलं तर घरचं माणूस सोबत असू द्या. भरलेली गाडी एवढ्यात जोडू नका.

आता आमच्याबद्दल. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. दादांना तीन महिने झाले तेव्हा आपल्याच परिवाराच्या ग्रुपवर आम्ही त्यांचा हार घातलेला फोटो टाकला होता. "गुरुकृपेचा चमत्कार" असं वर लिहिलं होतं. केवढे हात जोडले गेले त्याखाली! आम्हाला वाटलं, कौतुक केलं. खरं तर आम्ही रंग आधी लावला. त्या हाराचं ओझं त्यांच्या मानेवर आम्ही ठेवलं, आणि ते पडले तेव्हा हसणाऱ्यांना विषय आम्हीच पुरवला. दादा, ताई, आम्ही हात जोडून क्षमा मागतो. तो फोटो काढून टाकला आहे.

म्हणून या आठवड्यात सगळ्यांनी एवढं करूया.

पहिलं, कुणाच्याही चुकीबद्दल घरच्या ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही, आणि हसणारा चेहराही टाकायचा नाही. बोलायचंच असेल तर फोन करा किंवा घरी जा.

दुसरं, ज्याने नुकतीच वाट बदलली आहे त्याला चमत्कार म्हणून मिरवायचं नाही. सोबत बसून आरती करा, चहा घ्या, तेवढं पुरे.

तिसरं, आपल्या नात्यात असं एखादं माणूस ग्रुपमधून निघून गेलं असेल तर येत्या गुरुवारच्या आत त्याच्याकडे जाऊन या. उपदेश न करता. इंजिन थांबलं की लोको शेडमधला माणूस खाली उतरून हात लावून पाहतो, तसा हात लावून या. तापलंय का, एवढंच बघायचं.

आपण सगळेच अजून अस्तराच्या रंगात आहोत. हिरवा हात केव्हा द्यायचा ते सद्गुरूंना ठाऊक. तोवर चालत राहणं आपल्याकडे आहे.

सद्गुरुमाऊली आपल्या सर्वांच्या घरी सद्बुद्धी आणि धीर देवो.

॥ श्रीगुरुचरणार्पणमस्तु ॥
॥ श्रीगुरुदेव दत्त ॥