तारणहाराची आई

अष्टमीच्या रात्री बाराला जन्म होतो, पाळणा म्हटला जातो आणि सुंठवडा घेऊन सभा उठते. पण हेच आख्यान एरवी सवडीनं लावलं, की माणसांचं लक्ष कसं फिरतं ते कीर्तनकाराला समोर दिसतं. वसुदेव टोपली डोक्यावर घेऊन निघाला की सगळी सभा त्याच्याबरोबर यमुनेत उतरते. पाणी चढत जातं, वर शेषाचा फणा, तबलजीचा हातही तिथंच मोकळा सुटतो. तुरुंगात मागं राहिलेल्या देवकीकडं कुणी वळून बघत नाही. आख्यानाला पुढं जायचं असतं, आणि पुढं म्हणजे बाळ जाईल तिकडं.

मी नारदीय पद्धतीनं कीर्तन करते. माझी भाची पुण्यात माझ्याकडं राहून इंजिनिअरिंग करते आणि रात्री लॅपटॉपवर यंत्रमानवांचे, परग्रहांचे सिनेमे बघते. तिच्या शेजारी बसून मीही बरेच बघितले. ‘टर्मिनेटर’ लावताना तीच म्हणाली, “मावशी, हे तुझंच आख्यान आहे बघ.” खरंच होतं. १९८४ साली जेम्स कॅमेरॉननं काढलेला हा सिनेमा म्हणजे लॉस एंजेलिसमध्ये उतरलेला कंस. भविष्यातल्या यंत्रांना कळलेलं असतं, की जॉन कॉनर नावाचा माणूस त्यांचा निःपात करणार. तो जन्मायच्या आधीच त्याच्या आईला मारायला ती एक मारेकरी भूतकाळात पाठवतात. आई कोण, तर सारा कॉनर, हॉटेलात वेट्रेसचं काम करणारी साधी मुलगी. नेमकी कोणती सारा हे मारेकऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो टेलिफोन डिरेक्टरीतल्या त्या नावाच्या बायका ओळीनं मारत सुटतो. नावापायी मेलेल्या त्या बायकांबद्दल पुढं कुणी चकार शब्द काढत नाही. त्यांच्या पोटी कुणी जन्मणार नव्हतं ना!

असे सिनेमे एकामागून एक बघत गेलं, की देवकीचा तुरुंग सगळीकडं दिसायला लागतो. ‘स्टार वॉर्स’मधली पद्मे आधी राणी असते, मग सिनेटर. सभागृहात उभी राहून भांडणारी बाई. २००५ च्या ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’मध्ये ती जुळ्यांना जन्म देते आणि मरते. वैद्यकीय यंत्रमानव सांगतो, शरीरानं ती ठणठणीत आहे, पण तिची जगायची इच्छाच संपली आहे. दोन तान्ही लेकरं शेजारी असताना! कीर्तनात मी असं काही सांगितलं असतं, तर पुढच्या रांगेतल्या बायकांनी मला नंतर चहासुद्धा विचारला नसता. खरं कारण उघड आहे. लूक आणि लेया जन्मले, कथेचं काम झालं.

आपल्याकडं २०२४ च्या जूनमध्ये आलेला नाग अश्विनचा ‘कल्की २८९८ एडी’ तर नाव घेऊनच हे आख्यान सांगतो. उजाड झालेल्या जगावर तरंगणारं एक वैभवशाली कॉम्प्लेक्स. तिथल्या प्रयोगशाळेत गर्भ राहू शकेल अशा बायका आणून ठेवतात, त्यांच्या गर्भातून सत्त्व काढतात आणि त्या बायका त्यात संपतात. त्यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत. दीपिका पदुकोणची नायिका म्हणजे एसयूएम-८०. तिची सुटका होते, मग तिला सुमती हे नाव मिळतं. कल्किपुराणातल्या कल्कीच्या आईचंच हे नाव. उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकणारा अश्वत्थामा इथं दुसऱ्या एका गर्भाचा राखणदार होऊन उभा राहतो, ही कल्पना मला फार आवडली. इतकं पोटातलं प्रायश्चित्त मोठ्या पडद्यावर क्वचित दिसतं. पण एक गोष्ट मनातून जाईना. कॉम्प्लेक्समधले दुष्ट लोक त्या बाईकडं गर्भ म्हणून बघतात, आणि तिला आसरा देणारे शंबालातले सज्जन लोकही गर्भ म्हणूनच बघतात. पहिल्यांनी तिला क्रमांक दिला, दुसऱ्यांनी आई म्हणून हात जोडले. ती स्वतः कोण आहे, तिला काय हवं आहे, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानं १७८५ साली नीतीची एक कसोटी मांडली. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. माझा पेटीवाला मला सूर देतो तेव्हा तो माझं साधन असतोच. पण मी त्याला विचारून तारीख घेते, त्याची बिदागी देते आणि त्याला बरं नसेल तर कार्यक्रम पुढं ढकलते. या कसोटीला लावलं तर वरचे सिनेमे सरळ नापास होतात.

मात्र माझ्यासारख्या बाईला इथं थांबता येत नाही, कारण माझ्या परंपरेत साधन होणं ही नामुष्की नाही. देवाच्या हातचं निमित्त व्हावं यासाठी तर सगळा आटापिटा. कीर्तनाला उभी राहते तेव्हा मीही तेच मागते, की बोलविता तू हो. मग देवकी निमित्त झाली, सुमती निमित्त झाली, तर बिघडलं काय? एका प्रवचनानंतर एका सद्गृहस्थांनी मला हेच सुनावलं, “बाई, तुम्ही भक्तीला हक्कांच्या तराजूत घालताय.”

त्यांना मी अर्जुनाचं उदाहरण दिलं. अकराव्या अध्यायात भगवंत त्याला निमित्तमात्र हो म्हणतात, हे सगळे सांगतात. अठराव्या अध्यायात तेच भगवंत म्हणतात, की मी सांगायचं ते सांगितलं, आता नीट विचार कर आणि तुला वाटेल तसं कर. विश्वरूप दाखवून झाल्यावरही अर्जुनाला हो किंवा नाही म्हणायला जागा ठेवली आहे. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानातली येशूची आई मरियाही देवदूताला आधी प्रश्न विचारते, मग होकार देते. आणि देवकी? भागवतकारांना ही खोच जाणवली असावी. कृष्ण जन्मतःच आईवडिलांना त्यांचा पूर्वजन्म सांगतो. त्या जन्मी त्यांनी घोर तप केलं होतं आणि वर मागताना तुझ्यासारखा मुलगा दे म्हटलं होतं. म्हणजे पुराणकारानं मागल्या जन्मात जाऊन का होईना, तिची मागणी नोंदवून ठेवली. जुनी कथा जिथं संमतीसाठी एवढी वाट वाकडी करते, तिथं कोट्यवधी खर्चून काढलेल्या सिनेमाला एक प्रसंग का सुचू नये?

भाचीचं म्हणणं, हे सगळं जुनं झालं, आता नायिका मारामारी करतात. करतात, आणि त्या बघायला मलाही आवडतात. ‘टर्मिनेटर २’ मध्ये, १९९१ साली, सारा मनोरुग्णालयात डांबलेली असते आणि कोठडीतला पलंग उभा करून त्याच्या पायाला लटकून पुल-अप्स काढत असते. दंडांवर शिरा तटतटलेल्या. पण हे बळ कशासाठी, तर जॉनसाठी. पोरगा जिवावर उदार होऊन तिला सोडवायला येतो. गाडीत ती त्याला जवळ ओढते. आपल्याला वाटतं मिठी मारली. ती त्याच्या अंगावरून हात फिरवून कुठं लागलंय का ते बघत असते, आणि लगेच त्याच्यावर बरसते, की माझ्यासाठी जीव धोक्यात का घातलास. पोराच्या डोळ्यांत पाणी. दुसऱ्यांनी तिला साधन केलं होतं, आता तिनं स्वतःला आणि मुलालाही तेच करून टाकलं आहे. दंड भरले म्हणून बाई साध्य होत नाही.

त्याच सिनेमात पुढं एक प्रसंग आहे, तो मी भाचीला पुन्हा लावायला लावला. ज्याच्या संशोधनातून ती विनाशक यंत्रं निघणार, तो माइल्स डायसन घरात रात्री काम करत बसला आहे. बाहेर अंधारात सारा बंदूक रोखून आहे. त्याच्या मुलाची रिमोटवरची गाडी येऊन त्याच्या पायाला धडकते, तो खाली वाकतो, गोळी चुकते. सारा घरात घुसते, त्याच्या खांद्यात गोळी घालते. तो पडलेला, बायको ओरडतेय आणि ते एवढंसं पोर बापाला बिलगून आडवं आलेलं. जगाच्या हिशेबानं आता एकच गोळी उरली आहे, ती झाडली की कोट्यवधी वाचतील. तिला ती झाडता येत नाही. भिंतीला टेकून ती खाली बसते आणि रडते. यानंतर जॉन तिथं पोचतो तेव्हा कुठं त्याच्यावर आपलं प्रेम आहे हे ती तोंडानं सांगू शकते. त्या क्षणी सारा जगाच्या उपयोगाची राहिली नाही, म्हणूनच ती सारा झाली.

हे बघताना मला भागवताच्या दशम स्कंधातली देवकी आठवली. कृष्ण गोकुळात सुखरूप पोचला आहे. बदल्यात यशोदेची मुलगी देवकीच्या कुशीत आणून ठेवली आहे. या पोरीचा कथेतला उपयोग सरळ सांगायचा तर कंसाच्या हाती पडणं एवढाच. देवकीला ठाऊक आहे की ही आपली नव्हे. ती गप्प बसली असती तरी देवाचं काम अडणार नव्हतं. पण ती पोरीला छातीशी घट्ट धरते, भावाची मनधरणी करते, स्त्रीहत्या करू नको म्हणून विनवते, तुझ्या सुनेसारखी आहे ही म्हणते. कंस हिसकावून घेतो. शिळेवर आपटायला जातो तर ती हातातून निसटते, आकाशात अष्टभुजा होऊन उभी राहते आणि त्यालाच सुनावते. बदली म्हणून आणलेल्या मुलीला भागवतानं केवळ बदली म्हणून मरू दिलं नाही.

मग माझ्या लक्षात आलं, की कसोटी इथं आहे. कथेला ज्याचा काडीचा उपयोग नाही असं काही बाईला हवं असतं का? १९८६ च्या ‘एलियन्स’मधली रिप्ली सुटकेचं यान तयार असताना न्यूट नावाच्या पोरक्या मुलीसाठी परत खाली उतरते. ती पोर कोणत्याही जगाची तारणहार नाही. ‘ड्यून’च्या २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात सगळे नव्या मसीहापुढं गुडघे टेकतात आणि त्याची प्रेयसी चानी एकटी पाठ फिरवून वाळवंटात निघून जाते. मूळ कादंबरीत ती थांबते, दिग्दर्शक व्हिलन्यूव्हनं तिला जाऊ दिलं. उलट २०१९ च्या ‘टर्मिनेटर: डार्क फेट’मध्ये म्हातारी झालेली सारा नव्या मुलीला सांगते, यंत्रांना तू नकोस, तुझी कूस हवी आहे. पुढं उलगडतं, की पुढारी होणार ती मुलगीच. टाळ्या पडाव्यात असाच तो उलगडा आहे. मला त्यात अर्धीच गंमत वाटली. काल बाईची किंमत तारणहाराची आई म्हणून होती, आज स्वतः तारणहार म्हणून. उपयोग संपल्यावर काय, हा प्रश्न आहे तिथंच आहे.

त्याच व्हिलन्यूव्हचा २०१६ चा ‘अरायव्हल’ या प्रश्नाला हात घालतो. टेड चियांगच्या कथेवरचा. भाषाशास्त्रज्ञ लुईस परग्रहावरच्या पाहुण्यांची लिपी शिकता शिकता पुढचा काळही आठवू लागते. आपल्याला मुलगी होणार आणि ती कोवळ्या वयातच दुखण्यानं जाणार, हे तिला आधीच दिसतं. त्या मुलीच्या जन्मानं जग वाचणार नाही, मरणानं बुडणारही नाही. जग वाचवायचं काम लुईसनं आपल्या विद्येच्या जोरावर केलेलं असतं. तरी ती हो म्हणते, पूर्ण जाणतेपणी. तिच्या नवऱ्याला हे सोसत नाही, तो सोडून जातो. यंत्रं आणि याने असलेल्या सिनेमांत मला दिसलेलं हे सगळ्यात धार्मिक आईपण, आणि त्यात कुठं देव नाही.

देव आहे तो देवकीच्या शेवटच्या प्रसंगात. कंस मेला, राज्य बसलं, कृष्ण द्वारकेचा झाला, सगळी कामं उरकली. तेव्हा देवकी त्याच्याजवळ जाते. त्यानं गुरूचा मेलेला मुलगा परत आणून दिला हे तिच्या कानावर आलेलं असतं. ती म्हणते, कंसानं मारलेली माझी सहा मुलं मला एकदा बघायची आहेत. त्या सहांनी कुणाला तारलं नव्हतं, आठव्यापर्यंत पोचायच्या हिशेबात ती खर्ची पडली होती. अवतारकार्य संपलं तरी तिची मागणी संपलेली नाही, आणि देव तिला आता कशाला म्हणत नाही. कृष्ण आणि बलराम सुतलात जातात, बळीकडून ती मुलं घेऊन येतात, देवकी त्यांना मांडीवर घेऊन पाजते. इथं साधन कोण आणि साध्य कोण? ज्याच्यासाठी ती तुरुंगात पडली, तो तारणहार तिच्या कामाला निघाला आहे. म्हणून त्या सद्गृहस्थांना माझं उत्तर असं, की निमित्त व्हायला माझी ना नाही, पण ते नातं दोन्ही बाजूंनी चालायला हवं. भागवताचा देव आईच्या बिनउपयोगाच्या मागणीसाठी पाताळात उतरतो. तारणहारांच्या सिनेमांचे एवढे पुढचे भाग निघाले, जॉन साराला सोडवायला गेला खरा, पण आईच्या बिनउपयोगाच्या मागणीसाठी अशी खेप करावीशी वाटलेला मुलगा मी तरी त्यांत बघितला नाही.