एकविसावे घर

मनुष्याची ओळख त्याच्या देहावरून पटवावी की त्याच्या शब्दावरून, हा वाद न्यायशास्त्राइतका जुना असला, तरी प्रवासाच्या दस्तऐवजात तो शिरला तो फार उशिरा, आणि तोही जवळजवळ नकळत. 1920 साली राष्ट्रसंघाच्या विद्यमाने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने 32 पानी पारपत्राचा नमुना ठरविला, तेव्हा आपल्या जुन्या फौजी हजिरीतील चेहरेपट्टीप्रमाणेच मुखाकृती, डोळ्यांचा व केसांचा रंग, विशेष खुणा ह्यांची तजवीज झाली; स्त्री की पुरुष हे निराळ्या रकान्यात विचारावेसे कोणास वाटले नाही. अमेरिकेच्या पारपत्रावर लिंगाचा रकाना आला तो 1970 नंतरच्या दशकात, आणि त्यामागे गहन तत्त्वज्ञान मुळीच नव्हते: तरुणांचे लांब केस आणि स्त्रीपुरुष दोघांसही चालणारा पेहराव ह्यांमुळे नुसत्या छायाचित्रावरून खातरजमा होईना, एवढेच.

रकाना आला, तेव्हा त्यातील अक्षर बदलावयाचे झाल्यास साक्ष कोणाची धरावी, हा प्रश्न आलाच. प्रथम ती शल्यवैद्याची धरली गेली. अमेरिकेत 1992 च्या धोरणाने शस्त्रक्रियेचा दाखला मागितला, 2010 मध्ये उपचार करणाऱ्या वैद्याचे पत्र पुरेसे ठरले, 2021 मध्ये अर्जदाराचा शब्द, आणि 2025 मध्ये एका अध्यक्षीय फर्मानाने तो शब्दही परत घेतला गेला. अर्जेंटिनाने मात्र 2012 च्या कायद्याने वैद्य आणि न्यायाधीश दोघांसही दाराबाहेर ठेवून व्यक्तीचे निवेदन हाच पुरावा मानला. मराठी माणसास ह्याचे फारसे नवल वाटू नये. ‘मी येतो’, ‘मी येते’ असे म्हणताना आपण दिवसातून शंभर वेळा आपले लिंग स्वमुखाने जाहीर करतो, आणि ‘येते’ म्हणणारीकडे त्या एका मात्रेचा दाखला कोणी मागत नाही. तृतीयपंथी समाजातील कित्येकजणी तर सरकारदरबारी कोणतीही नोंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ‘येते’च म्हणत आल्या आहेत.

त्या नोंदीची आपल्याकडील कथा अधिक कडवट आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने उत्तर हिंदुस्थानात ‘युनक’ म्हणजे षंढ ह्या नावाखाली हिजड्यांची नोंदवही उघडली. तीत नाव, वस्ती आणि मालमत्ता लिहून घेतली जाई, आणि नोंद झालेली व्यक्ती स्त्रीवेषात रस्त्यावर दिसल्यास तिला वॉरंटावाचून पकडून दोन वर्षांपर्यंत कैदेत टाकता येई. पुढे 2005 मध्ये पारपत्राच्या अर्जावर तिसरा पर्याय आला तो ‘ई’ ह्या इंग्रजी अक्षराने, आणि ते अक्षर त्याच ‘युनक’ शब्दाचे आद्याक्षर! सरकारचा हेतू सदयच असेल. परंतु दफ्तराला स्वतःची स्मृती असते, आणि सन्मानपत्रासाठी जुन्या हजेरीवहीतला शब्द उचलावा हे मला आजही बोचते.

15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. राधाकृष्णन व न्या. सिक्री ह्यांनी दिलेल्या निकालाने, ज्या खटल्यात ठाण्याच्या तृतीयपंथी कार्यकर्त्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांनीही आपली बाजू मांडली होती, लिंगाची साक्ष व्यक्तीच्या अंतःकरणाकडे सोपविली आणि शस्त्रक्रियेची सक्ती अनैतिक व बेकायदेशीर ठरविली. त्यानंतरच्या 2019 च्या कायद्याने ती साक्ष जिल्हाधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यापर्यंत नेऊन ठेविली, आणि जिला ‘तृतीयपंथी’ एवढेच न म्हणवता निखळ ‘स्त्री’ म्हणून नोंद हवी तिला पुन्हा रुग्णालयाची पायरी दाखविली. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने मोजून घेण्याची ही रीत आपल्या कचेऱ्यांस अपरिचित नाही.

पारपत्राच्या तपशीलपानाच्या तळाशी यंत्रासाठी दोन ओळी छापलेल्या असतात, प्रत्येकी 44 घरांच्या. दुसऱ्या ओळीत पारपत्राचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत ह्यांच्यामागे प्रत्येकी एक पडताळ्याचा अंक बसविलेला असतो, आणि अखेरच्या घरात साऱ्यांचा मिळून आणखी एक. लिंगाचे अक्षर एकविसाव्या घरात. त्यास स्वतःचा पडताळा नाही, आणि अखेरच्या एकूण हिशेबातही ते धरलेले नाही. लिंग नमूद करावयाचे नसेल, तर त्या घरात नुसते एक कोनाकृती भरणचिन्ह टाकले तरी आंतरराष्ट्रीय नियमांस चालते. यंत्राचा ताळा त्या अक्षरावाचून बिनबोभाट जमतो. अडतो तो काचेपलीकडे बसलेला मनुष्य, जो आधी छायाचित्राकडे, मग अक्षराकडे, मग समोरच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि पारपत्र मिटून म्हणतो, “जरा बाजूला थांबा.”