वळणावरची शिल्लक

मराठी बातमीत अपघाताचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने’. गाडी कठड्यावर आदळली, दुभाजकावर चढली, पुलावरून खाली गेली, कारण तेच. वाचून वाचून ते इतकं गुळगुळीत झालंय की आपण त्यापाशी थांबतही नाही. ताबा सुटला म्हणजे त्याआधी तो होता, असं हे वाक्य गृहीत धरतं. पण होता का? आणि होता तर कुणाकडे होता? चालकाच्या हातात, की आठ वर्षं जुन्या टायरमध्ये?

मला हा प्रश्न पडला तो घरच्या जुन्या झेनमुळे. मारुतीने झेन १९९३ मध्ये आणली आणि २००६ मध्ये ते मॉडेल बंद केलं. आमची शेवटच्या काळातली. वजन आठशे किलोच्या आत, बुटकी, रस्त्याला चिकटून बसणारी. ज्यांनी ती चालवलीय ते आजही तिच्या हँडलिंगबद्दल मायेने बोलतात. पण पंधरा वर्षं होऊन पुन्हा पासिंग झालं तरी रबर काही नवं होत नाही. माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांकडे अशी एखादी गाडी वडिलांकडून किंवा काकांकडून आलेली असते. ती हातात आली की पहिला विचार येतो तो हिला जरा ‘टाइट’ करू या, हँडलिंग सुधारू या.

मी वरसावे भागात राहतो आणि ऑफिस ठाण्याला. वरसाव्याला अहमदाबाद महामार्ग खाडी ओलांडायच्या तोंडाशी येतो आणि तिथूनच घोडबंदर रोड ठाण्याकडे फुटतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, आणि चेणे, काजूपाडा करत पुढे गायमुखचा घाट. खाडीवरचा नवा पूल २०२३ मध्ये सुरू झाला, पण कंटेनरची रांग काही हटली नाही. दिवसा या रस्त्यावर ताबा सुटायला लागतो तेवढा वेगच मिळत नाही. रात्री अकरानंतर मात्र तोच रस्ता मोकळा होतो. पावसाळ्यात ओला, कुठे डिझेल सांडलेलं, कुठे खडी. कडेने पायी जाणारं कुणी, मागचा दिवा बंद असलेली एखादी दुचाकी. हँडलिंग म्हणजे काय ते कळायला याहून चांगली जागा नाही.

हँडलिंग म्हणजे, साध्या भाषेत, आपण सांगितलेलं गाडीने किती लवकर आणि किती अचूक ऐकायचं. आणि गाडी ऐकते ती शेवटी चार टायरच्या तळहाताएवढ्या चार ठिपक्यांतून. बाकी सगळी यंत्रणा हे चार ठिपके रस्त्यावर नीट टेकवून ठेवण्यासाठी असते. शॉकअप गेले की खड्ड्यानंतर चाक उड्या मारत राहतं, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड नसते. लोअर आर्मचे बुश गेले की ब्रेक लावताना चाकाचा कोन हलतो आणि गाडी एका बाजूला ओढते. अलाइनमेंट बिघडली की टायर एका कडेने झिजतो. टायरमधलं रबर वर्षांनी कडक होतं, नक्षी शिल्लक दिसली तरी. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असेल तर तो टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आपल्या गाडीवरचे हे आकडे किती जणांनी वाचलेत?

म्हणून जुन्या छोट्या गाडीचं हँडलिंग सुधारायचा क्रम अगदी कंटाळवाणा आहे. आधी हवा, गाडीवरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढी. मग टायर. मग शॉकअप आणि बुश. मग अलाइनमेंट. यातलं काहीच बाहेरून दिसत नाही. दिसतं ते दुसरंच: स्प्रिंग कापून खाली आणलेली गाडी, मोठे अलॉय, रुंद टायर. कापलेल्या स्प्रिंगमुळे चाकाला वर-खाली व्हायची जागा कमी होते आणि आपल्या रस्त्यांवर ते जास्त वेळा रस्ता सोडतं. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ रचनेत जे आहे त्याच्याशी न जुळणारे बदल चालणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

गॅरेजवाल्याने गाडी वर घेऊन टॉर्च मारला आणि म्हणाला, “साहेब, बुश गेलेत. चालेल तसं अजून. पण बदलले तर बरं.”

‘चालेल तसं अजून’. आपलं अर्धं आयुष्य या तीन शब्दांवर चाललेलं असतं. आणि ते खोटंही नसतं. गेलेले बुश घेऊन लोक वर्षानुवर्षं फिरतात, काही होत नाही. मग ज्याचं काही झालंच नाही त्याचं चुकलं, असं म्हणायचं का?

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये ‘मॉरल लक’ नावाच्या निबंधात नेमका असाच एक चालक घेतलाय. एका ट्रकचालकाने बऱ्याच दिवसांत ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात अचानक मूल आडवं आलं, ब्रेक वेळेवर लागले नाहीत, मूल गेलं. तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल, आणि आपणही देऊ. आता दुसरा चालक घ्या. त्याचा निष्काळजीपणा तंतोतंत तेवढाच, पण त्याच्या रस्त्यात मूल आलंच नाही. त्याला कुणी काही म्हणत नाही, तोही रात्री शांत झोपतो. दोघांनी केलं तेच, न केलं तेही तेच. फरक फक्त नशिबाचा. तरीही आपण दोघांना वेगवेगळं तोलतो. नेगेल यांना यात नीतीच्या मुळाशीच एक अडचण दिसते: माणसाला त्याच्या हातात असलेल्या गोष्टींवरूनच तोलावं असं आपण म्हणतो आणि प्रत्यक्षात त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टींवरून तोलतो.

माझ्या कामात हे रोज दिसतं. कोडमधली चूक वर्षभर कुणाच्या वाट्याला आली नाही म्हणून ती चूक नव्हती असं कुणी म्हणत नाही. ती त्या दिवशीच झाली होती, सापडली नंतर. गाडीचंही तसंच आहे. ताबा सुटला म्हणतात तो क्षण वळणावरचा असतो, पण त्यातला मोठा भाग कित्येक महिने आधी, गॅरेजमध्ये ‘राहू दे, पुढच्या वेळी’ म्हणताना सुटलेला असतो. ॲरिस्टॉटलने दारू पिऊन केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षेचा दाखला दिलाय तो याच विचाराने: शुद्ध नव्हती हे खरं, पण शुद्ध घालवायची की नाही हे तर त्याच्या हातात होतं.

इथवर उत्तर सोपं वाटतं: दुरुस्ती करा. बुश बदला, टायर घाला, कर्तव्य संपलं. खरी गोची पुढे आहे. दुरुस्त झालेली गाडी वळणावर स्थिर राहते, चालकाला भरवसा येतो, आणि पुढच्या वेळी तो त्याच वळणाला थोडा जास्त वेगाने जातो.

अर्थतज्ज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये हाच मुद्दा मांडला होता: गाडी सुरक्षित केली की माणूस ती सुरक्षितता धोका पत्करण्यात खर्च करतो. १९८० च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सींच्या एका ताफ्यात काही गाड्यांना एबीएस होतं, काहींना नव्हतं. एबीएसवाल्यांचे अपघात अपेक्षेइतके कमी झाले नाहीत. त्यांचे चालक जास्त आक्रमक चालवताना आढळले. पेल्ट्झमन यांच्या निष्कर्षावर पुढे खूप वाद झाला, आणि सीटबेल्टने असंख्य जीव वाचवले हे निर्विवाद आहे. म्हणजे सगळाच फायदा वाया जातो असं नाही. पण थोडा तरी आपण खाऊन टाकतो, हे स्वतःकडे बघितलं तरी पटतं.

किती पटकन खाऊन टाकतो, त्याचा हिशोब करू. समजा, ओल्या रस्त्यावर जुन्या टायरची पकड ४ एकक आहे आणि सगळं काम केल्यावर ती ५ झाली. पंचवीस टक्के सुधारणा, भरपूर झाली. समजा, असं वळण आहे की आधीच्या पकडीत तिथे जास्तीत जास्त ताशी ४५ किलोमीटरने जाता येत होतं. पण वळणावर लागणारी पकड वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे नवी मर्यादा होते फक्त ५० च्या आसपास. हजारो रुपये, गॅरेजमधला अख्खा दिवस, आणि काटा पाचने पुढे नेला की सगळं संपलं.

आता तेच वळण सुधारलेल्या गाडीने, पण जुन्याच ४५ ने घ्या. वळायला ४ एकक लागतात, हातात ५ आहेत. वाटेल की उरलं फक्त १. पण वळण्याचं बळ आणि ब्रेकचं बळ एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे इथे वजाबाकी चालत नाही, शाळेतला काटकोन त्रिकोण चालतो. तीन, चार, पाच. वळायला ४ वापरून ब्रेकसाठी साधारण ३ उरतात, म्हणजे पूर्ण पकडीच्या साठ टक्के. ५० ने गेलात तर ब्रेकसाठी उरतं शून्य. आधी जुन्या गाडीने ४५ ने जाताना तेच होत होतं.

ही तीन एककं कुणाची? मला वाटतं, सगळा प्रश्न इथे आहे. ती मी पैसे देऊन मिळवली म्हणून माझी, असं वाटणं साहजिक आहे. पण त्यांचा उपयोग कधी होणार? वळणापलीकडे कुणी असेल तेव्हाच. मागचा दिवा नसलेला दुचाकीवाला, रस्ता ओलांडणारी पाड्यावरची बाई, बंद पडलेला टेम्पो. त्यांना मी दिसत नाही, मला ते दिसत नाहीत. त्यांच्याभोवती पत्र्याची पेटी नाही. माझ्या गाडीच्या बुशची अवस्था त्यांना विचारून ठरलेली नाही. वळणावरची शिल्लक खरं तर त्यांची आहे आणि मी ती सांभाळायला घेतलेली आहे. दुसऱ्याची ठेव आपल्या मौजेसाठी खर्च केली की त्याला आपल्याकडे एक शब्द आहे. तो इथे लावायला जीभ अडखळते, कारण जोपर्यंत वळणापलीकडे कुणी नसतं तोपर्यंत चोरी उघडकीला येत नाही.

यावर म्हणता येईल की रस्त्याचं काय? खड्डे, खडी, बंद दिवे यांची जबाबदारी कुणीच घेणार नाही आणि शहाणपण फक्त जुनी गाडीवाल्यानेच शिकायचं? राग रास्त आहे. ज्यांच्याकडे रस्ता आहे त्यांना जाब विचारलाच पाहिजे. पण खड्डा तिथे आहे हे मला माहीत असेल तर तो माझ्याही हिशोबात येतो. त्यांची चूक माझ्या चुकीतून वजा होत नाही. दोन्ही मिळून वळणापलीकडच्या माणसाच्या वाट्याला येतात.

दुसरा आक्षेप जास्त टोचतो: हे सगळं परवडणाऱ्यांचं तत्त्वज्ञान आहे. २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. जुन्या झेनमध्ये, आठशेमध्ये, सँट्रोमध्ये सहसा यातलं काही नसतं, आणि लोक त्या हौसेपेक्षा गरजेने वापरतात. चारही टायर एकदम बदलणं ही त्यांच्यासाठी मोठी रक्कम असते. मान्य. पण यादीतली सगळ्यात परिणामकारक दोन कामं जवळपास फुकट आहेत: हवा बरोबर ठेवणं आणि वेग न वाढवणं. ज्याला नवे टायर आज परवडत नाहीत त्यानेही ४५ चे ४० केले तर त्याच जुन्या टायरवर शिल्लक तयार होते. म्हणून ‘परवडत नाही’ हे टायरबद्दल खरं असू शकतं, शिल्लक ठेवण्याबद्दल नाही.

आणि मजेचं काय? चांगल्या हँडलिंगची मजा असते, ती नाकारायचं कारण नाही. पण ती वेगातच असते असं नाही. हलक्या जुन्या गाडीत रस्ता स्टेअरिंगमधून हाताला कळतो. खडी कुठे सुरू झाली, पाणी कुठे आहे, पुढचं चाक कधी कुरकुरायला लागलं, सगळं. मोठ्या, बंद, शांत गाडीत ऐंशीलाही जे कळत नाही ते झेनमध्ये चाळिशीला कळतं. नवे बुश बसवल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे बोलणं स्पष्ट झाल्याचं. ते ऐकण्यासाठी वेग वाढवावा लागत नाही, उलट वाढवला की ऐकायला वेळ कमी मिळतो.

म्हणून कुणी मित्र जुन्या गाडीचं हँडलिंग कसं सुधारू म्हणून विचारतो तेव्हा मी त्याला वर दिलेला क्रम सांगतो: हवा, टायर, शॉकअप, बुश, अलाइनमेंट. आणि शेवटी एक जोडतो, जे कुठल्याच गॅरेजमध्ये होत नाही: सुधारलेली गाडी जुन्याच वेगाने चालव. बहुतेक जण हसतात. मग एवढा खर्च कशाला केला, असं विचारतात. केला तो वळणापलीकडच्यासाठी. तो आपल्याला कधीच भेटणार नाही, आणि त्याने न भेटणं हाच त्या खर्चाचा परतावा आहे.